घरगुती वापरास मनाई

माझे भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात, आणि त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. त्यांच्या खिशाला दोन पेन असतात, एक त्यांचे स्वतःचे आणि एक कंपनीचे. बँकेत पहिल्यांदा फॉर्म भरायला बसलो तेव्हा मी चुकून त्यांच्या खिशातले निळे पेन काढले. त्यांनी ते माझ्या हातातून परत घेतले आणि काळे दिले. तो फॉर्म त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता, आणि निळे पेन कंपनीचे. आमच्या गल्लीत त्यांना 'लिमिटेड' म्हणतात ते उगाच नाही.

कंपनी म्हणजे तरी किती मोठी? दोन गल्ल्या सोडून एक वर्कशॉप, दोन कारागीर, कंपनीचे नाव रंगवलेली एक पांढरी गाडी आणि दोन संचालक. एक भाऊजी, दुसरी माझी ताई. अकरा वर्षांपूर्वी मोठी गोदामे आणि औषधांचे कारखाने एकट्यादुकट्या कारागिराला काम देईनासे झाले, कंपनी असेल तर बोला म्हणू लागले. तेव्हा कर सल्लागाराने भाऊजींना प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून दिली. कागद हातात देताना तो सहज म्हणाला, की आजपासून कंपनी वेगळी आणि तुम्ही वेगळे, उद्या कंपनी बुडाली तरी तुमच्या घरातल्या चमच्यालाही कुणी हात लावू शकत नाही. इतर लोक असले बोलणे ऐकतात आणि विसरतात. भाऊजींनी ते मनावर घेतले.

त्याला कारणही होते. भाऊजी नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एका भागीदाराला जामीन म्हणून सही दिली होती. आबाही काटेदुरुस्तीच करायचे. भागीदार पळाला, आणि एका सकाळी माणसे येऊन कपाट, शिलाई मशीन, आबांची हत्यारे, सगळे उचलून घेऊन गेली. ही हकीकत भाऊजी कधी पूर्ण सांगत नाहीत. एवढेच सांगतात, की शेगडीवर पातेले होते, त्या माणसांनी ते उतरवले, आतले दूध मोरीत ओतले आणि पातेले नेले.

म्हणून कंपनी वेगळी आणि आपण वेगळे. गाडी दारात उभी असायची आणि ताई बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायची. भाऊजींनी स्वतःला अगदी बेताचा पगार ठरवून घेतला होता आणि अकरा वर्षांत तो वाढवला नव्हता, कारण कंपनीला अजून उभे राहायचे होते. दर तीन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर संचालकांची सभा व्हायची. भाऊजी त्यासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे, 'सभेला दोन्ही संचालक उपस्थित होते.' दुसरी संचालक ओट्यापाशी भाजी चिरत असायची. वही पुढे आली की ती ओल्या हाताने सही ठोकायची आणि परत सुरी उचलायची. काय लिहिले आहे हे तिने एकदाही वाचले नाही. मी एकदा तिला म्हटले, अगं बघ तरी. ती म्हणाली, यांच्या वहीत मी काय बघू, यांना स्वतःच्या चहाचे पैसे कंपनीकडे मागायला लाज वाटते.

तर असा सगळा सरळ कारभार चालला असताना घरमालकाचे पत्र आले. एकोणीस वर्षे भाऊजी त्या घरात भाड्याने राहत होते. घरमालक आता थकले होते, मुलीकडे राहायला गेले होते आणि घर विकणार होते. माणूस सज्जन. पहिला हक्क तुमचा, असे त्यांनी लिहिले होते, नव्वद दिवस थांबतो, नंतर मात्र बाहेरचे गिऱ्हाईक तयार आहे.

घर म्हणाल तर पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. जिन्याचे कठडे गंजलेले, बाथरूमची कडी दोनदा ओढावी लागते. त्याच पैशांत दुसरीकडे बरे घर मिळाले असते, आणि मी तसे बोलूनही दाखवले. ताईने मला आत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"आबा या घरात चालतात," ती म्हणाली. "दुसऱ्या घरात नेलं तर ते पुन्हा आंधळे होतील."

आबांचे डोळे काचबिंदूने गेले. नऊ वर्षांपूर्वी इतके अंधुक झाले की फक्त उजेड-अंधार कळायचा, आणि सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेले. पण त्या घरात तुम्ही त्यांना पाहिले तर तुमचा विश्वास बसणार नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत पाच पावले, खिडकीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आठ, जिन्याला अकरा पायऱ्या आणि सहावीनंतर वळण. काठी हातात न घेता ते सगळीकडे वावरतात. स्वतःचा चहा स्वतः करतात. अजूनही कुठलीही वस्तू तळहातावर तोलून वजन सांगतात, आणि चुकले तर दहा-वीस ग्रॅमनेच. हे सगळे त्या तीन खोल्यांत. शेजाऱ्यांच्या घरी गेले की दारातच उभे राहतात आणि हात पुढे करून कुणीतरी धरण्याची वाट पाहतात. एवढ्यासाठी ते घर हवे होते.

माझी नोकरी शाळेतली, दुपारी दोनला सुटणारी. त्यामुळे बँकेच्या खेपांना भाऊजींबरोबर मीच. कर्ज विभागात एक बाई होत्या. त्यांनी भाऊजींचा पगार पाहिला, मग भाऊजींकडे पाहिले, आणि शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की एवढ्या पगारावर फार तर घराचा जिना मिळेल. मग पुढच्या कागदावर त्यांना कंपनीचा नफा दिसला.

"ही कंपनी कुणाची?" त्यांनी विचारले.

"माझी," भाऊजी म्हणाले. "म्हणजे माझी नाही. कंपनीची."

बाई समजूतदार होत्या. हसल्या नाहीत. त्यांनी मार्ग काढून दिला, की घर कंपनीने विकत घ्यावे, कर्ज कंपनीच्या नावावर काढावे आणि भाऊजींनी कंपनीचे भाडेकरू म्हणून त्यात राहावे. व्याज थोडे जास्त पडेल, पण कर्ज मिळेल. कर सल्लागारानेही मान डोलावली. भाऊजींना तर ही कल्पना फारच आवडली. कंपनी वेगळी, आपण वेगळे, आणि मध्ये रीतसर भाडेकरार. त्या दिवशी परत येताना ते बसमध्ये शीळ घालत होते.

मग कागद सुरू झाले. कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद. संचालकांचे फोटो. घराचा नकाशा, घराच्या आधीच्या मालकाचे खरेदीखत, आधीच्या मालकाच्या आधीच्या मालकाचा मृत्यूचा दाखला. प्रत्येक कागदावर सही, प्रत्येक सहीखाली शिक्का, आणि शिक्का जरा तिरका बसला की पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळी आबा ती फाइल मागून घ्यायचे आणि तळहातावर तोलायचे. आज एक किलो दोनशे, म्हणायचे. आज एक किलो साडेतीनशे. वाढते आहे म्हणजे काम पुढे सरकते आहे, असा त्यांचा हिशेब होता. मीही त्यांना तसेच वाटू दिले.

त्रेचाळिसाव्या दिवशी बाईंची बदली झाली. त्यांच्या खुर्चीवर एक साहेब आले. त्यांना फाइलमधला एकही कागद पटेना. ताळेबंदाच्या प्रती जुन्या आहेत. फोटोत चष्मा आहे, प्रत्यक्षात चष्मा वेगळा आहे. ताईचा चष्मा. मी म्हटले, साहेब, चष्म्याचा नंबर बदलतो. ते म्हणाले, मग बदललेल्या नंबराचा फोटो आणा. माझ्या नाकी नऊ आले. शाळेत मुलांवर मी विनाकारण ओरडू लागलो. भाऊजींचा मात्र तोल ढळत नव्हता. साहेब बरोबर बोलतायत, नियम तो नियम, असे ते मलाच समजावायचे, आणि मला त्यांच्या दोन पेनांसकट त्यांना काउंटरपलीकडे ढकलून द्यावेसे वाटायचे.

एकाहत्तराव्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतले. बँकेच्या वकिलाने कंपनीची नियमावली वाचली होती. कंपनी काढताना सरकारदप्तरी जी नोंदवावी लागते आणि जी नंतर कुणीही उघडून पाहत नाही, ती. साहेबांनी बोट ठेवून एक कलम वाचले. कंपनीचे वाहन, जागा किंवा अन्य कोणतीही मालमत्ता संचालकांनी अथवा त्यांच्या कुटुंबीयांनी घरगुती वापरासाठी घेऊ नये.

"हे कलम छापील नमुन्यात नसतं," साहेब म्हणाले. "मागाहून घातलंय. कुणी?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"मग कंपनी घर घेऊ शकते. तुम्ही त्यात राहू शकत नाही."

मी इतकी वर्षे शाळेत काढली, पण स्वतःच्याच हाताने स्वतःच्याच दाराला असे कुलूप लावणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता. बँकेबाहेर आल्यावर मी भाऊजींना नको नको ते बोललो. लहान मेहुण्याने बोलू नये असे बोललो. ते पायरीवर उभे राहून ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, की कलम काढता येते.

काढता येत होते. त्यासाठी भागधारकांची सभा हवी, तिला एकवीस दिवस आधी नोटीस हवी, आणि आमच्याकडे उरले होते एकोणीस. पण सगळ्या भागधारकांनी लेखी संमती दिली तर सभा लगेच घेता येते, असे कर सल्लागार म्हणाला. भागधारक दोनच, आणि दोघे एकाच टेबलावर जेवतात. प्रश्न सुटल्यासारखा होता. फक्त बँकेला नऊ वर्षांपूर्वीच्या मूळ ठरावाचीही प्रत हवी होती, म्हणजे ते कलम आले कुठून हे दिसले पाहिजे. म्हणून लाल पुठ्ठ्याची जुनी वही माळ्यावरून खाली काढावी लागली.

संध्याकाळचे सहा वाजले असतील. आबा खिडकीपाशी खुर्चीत होते, मांडीवर फाइल. भाऊजींनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. जुना ठराव कोणता हे दाखवायला वही उघडून ताईपुढे ठेवली, शेजारी नवा कागद ठेवला आणि इथे सही कर म्हणून बोट ठेवले. ताईने गॅस बंद केला. हात पुसले. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून वाचायला बसली. भाऊजी म्हणाले, तेवढं वाचायची गरज नाही. त्यांच्या आवाजावरून माझ्या लक्षात आले, की काहीतरी आहे.

तिने ते मोठ्याने वाचले. मुद्दाम वाचले असे मी म्हणणार नाही. ताईला शाळेपासून ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही.

"या महिन्याच्या बारा तारखेला कंपनीचे वाहन संचालकांच्या वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेण्यासाठी वापरण्यात आले. एका ग्राहकाने ते पाहिले. सभेने या गोष्टीची गंभीर दखल घेतली आहे. यापुढे असे होऊ नये म्हणून नियमावलीत कलम घालण्यात यावे."

खाली तिचीच सही होती, आणि सहीशेजारी भाजीचा वाळलेला डाग.

मला आता सगळे आठवले. त्या बारा तारखेनंतर आबांना दवाखान्यात बसने न्यायला लागले. दोन बस बदलून, जायला सव्वा तास. नेणार ताई. गर्दीत कुणी जागा दिली तर दिली, नाही तर आबा वरची कडी धरून उभे. गाडी का नाही असे त्यांनी सुरुवातीला एकदोनदा विचारले होते. गाडी कामावर गेली आहे, असे सांगायचे ठरले. भाऊजींनी ठरवले आणि सांगायची ताईच. आबा स्वतः काटेदुरुस्तीतले. कामावर गेली म्हटल्यावर त्यांनी नंतर कधी विचारले नाही. उलट धंदा बरा चालला आहे म्हणून त्यांना बरे वाटायचे. गाडी जिन्याखाली उभी असायची. ताई त्यांचा हात धरून त्या गाडीच्या बाजूनेच त्यांना बस थांब्यावर न्यायची, आणि वाटेत आबांचा कोपर गाडीला लागू नये म्हणून स्वतः मध्ये व्हायची. हे तिने मला नंतर सांगितले. नऊ वर्षे.

"म्हणजे गाडी दारातच असायची?" आबांनी विचारले.

आबांनी हात पुढे केला. ताईने वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नेहमीसारखी तळहातावर घेतली आणि आम्ही सगळे वजन ऐकायला थांबलो. त्यांनी वजन सांगितले नाही. वही परत केली, उठले, पलंगापर्यंत पाच पावले चालत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मला भाऊजींची कणव आली नाही, खरे सांगतो. चीड आली. पण चीड मग माझ्यावरही येऊ लागली, कारण ती गाडी मीही नऊ वर्षे पाहत होतो आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

भाऊजींनी नव्या ठरावावर बोट तसेच ठेवले होते. ताई म्हणाली, "आधी कारण लिहा."

ते म्हणाले, कलम काढताना कारण लिहिण्याची पद्धत नाही.

"घालताना लिहिलं होतंत," ती म्हणाली. "तसंच काढतानाही लिहा. चुकलं होतं, असं लिहा. नाही तर मी सही करत नाही."

अकरा वर्षांत दुसऱ्या संचालकाने पहिल्यांदाच सही अडवून धरली होती. भाऊजींनी निळे पेन काढून लिहिले, 'सदर कलम घालणे ही चूक होती, म्हणून ते काढण्यात येत आहे.' पुढे कर सल्लागार तो कागद पाहून वैतागला, हे वाक्य गाळून नवीन टाइप करून आणा म्हणाला. ताईने नकार दिला. सरकारदप्तरी तो ठराव तसाच नोंदला गेला. तिथेही बहुधा कुणी वाचत नसावे.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी कर्ज मंजूर झाल्याचा फोन आला. आम्ही तिघे बँकेत गेलो. वीस-बावीस सह्या झाल्यावर साहेबांनी अगदी शेवटचा कागद पुढे सरकवला. दोन्ही संचालकांची वैयक्तिक हमी.

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग कधी नव्हे ते वाद घालण्याच्या सुरात विचारले, की कंपनी बुडाली तर कंपनीचे जे आहे ते बँकेने घ्यावे, आमचा संबंध कुठे येतो?

"तर बँक तुमच्याकडे येणार," साहेब म्हणाले. "तुमचं जे असेल ते."

"मग यात लिमिटेड काय आहे?"

"ते नावात आहे. बँक शेवटी माणूस बघूनच पैसे देते."

भाऊजींच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. ज्या सहीने त्यांच्या घरातले पातेले गेले तीच सही ते करायला निघाले होते. ती करावी लागू नये म्हणून तर त्यांनी अकरा वर्षे स्वतःच्या बायकोला पिशव्या उचलायला लावल्या, बापाला बसमध्ये उभे केले. त्यांनी खिशातून दोन्ही पेने काढली. निळे पाहिले, काळे पाहिले. हमी द्यायची होती भाऊजींनी आणि कर्ज होते कंपनीचे, आणि कुठल्या पेनाने सही करायची हे त्यांना ठरवता येईना. साहेब घड्याळ बघू लागले. ताईने टेबलावरचे दोरीने बांधलेले बँकेचे पेन उचलले, आपली सही केली आणि ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी त्याच पेनाने सही केली. दोरी आखूड होती म्हणून वाकून करावी लागली.

घर झाले. कंपनीचे झाले. आता भाऊजी दर महिन्याला कंपनीला भाडे देतात आणि पावतीवर स्वतःच सही करतात. आबा पूर्वीसारखे खिडकीपर्यंत पाच पावले जातात, चहा करतात, जिना उतरतात. फक्त भाऊजींनी हातात काही दिले तर त्याचे वजन सांगत नाहीत.

दृष्टी गेली तरी डोळ्यांतला दाब अधूनमधून तपासावा लागतो, नाही तर फार दुखते. घर झाल्यानंतर महिन्याभराने ती तारीख आली. भाऊजींनी आदल्या दिवशी गाडी धुतली होती, मागच्या काट्यांच्या पेट्या काढून ठेवल्या होत्या, पुढच्या सीटवर उशी ठेवली होती. मीही रजा काढून आलो होतो. भाऊजी जिन्याखाली गाडीपाशी उभे राहिले. आबा सहावीनंतर वळून अकरा पायऱ्या उतरून खाली आले, आणि गाडीचे दार उघडल्याचा आवाज ऐकून थांबले.

"आबा, गाडी आणलीय," भाऊजी म्हणाले.

"कंपनीची आहे ना?" आबा म्हणाले. "मी बसने जातो. सवय आहे मला."

"आबा, घरही आता कंपनीचंच आहे."

"घर माझ्याशी कधी खोटं बोललं नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी ताईसाठी हात पुढे केला.

ताईने भाऊजींकडे एकदा पाहिले आणि तो हात धरला. दोघे गाडीच्या बाजूने थांब्याकडे गेले. या वेळी ती मध्ये झाली नाही. आबांचा कोपर गाडीच्या पत्र्याला घासत गेला. मी त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढलो. बसला गर्दी होती. आबांनी वरची कडी शोधून धरली.

मागच्या काचेतून मला पांढरी गाडी दिसत होती. भाऊजी एकटेच होते, शेजारच्या सीटवर ती उशी. बस प्रत्येक थांब्यावर थांबायची तशी तीही मागे थांबायची, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि बस निघाली की तीही निघायची. दुसऱ्या बसमागेही तसेच. सव्वा तास ते दवाखान्यापर्यंत मागे मागे आले. त्या पेट्रोलचे पैसे त्यांनी कंपनीला लावले की स्वतःला, हे मी अजून विचारलेले नाही.